कॉकपिटचं दार बाहेरून उघडता का येत नाही?

प्रश्न असा आहे: २०१५ मध्ये जर्मनविंग्ज या लुफ्तहान्साच्या उपकंपनीच्या विमानात कॅप्टन बाहेर अडकला आणि आत एकट्या उरलेल्या सहवैमानिकाने विमान डोंगरावर घातलं. मग कॉकपिटचं दार बाहेरून हमखास उघडेल अशी सोय का करत नाहीत? आणि असं पुन्हा होऊ नये म्हणून पुढे काय बदललं?

थोडक्यात उत्तर द्यायचं तर, दाराला माणसाचा हेतू कळत नाही. बाहेर अडकलेल्या कॅप्टनला नक्की आत घेईल अशी कुठलीही युक्ती, त्याच कॅप्टनच्या गळ्याला सुरी लावून उभ्या असलेल्या माणसालाही आत घेते. कडी कुणाच्या हातात द्यायची एवढंच आपण ठरवू शकतो, आणि जगाने ती आतल्या माणसाच्या हातात दिली आहे. माझ्या मते हा निर्णय आजही बरोबर आहे. या प्रश्नावर जे काही होण्यासारखं आहे, ते वैमानिक ड्यूटीवर येण्याआधी होण्यासारखं आहे. त्यात कुलपापेक्षा भीतीचा संबंध जास्त येतो: मेडिकल (उडण्यासाठी लागणारं वैद्यकीय प्रमाणपत्र) जाईल, लायसन्स जाईल, हप्ते थकतील ही भीती. पण प्रश्न दाराचा आहे, तर आधी दारच पाहू.

११ सप्टेंबर २००१ पर्यंत कॉकपिटचं दार म्हणजे एक हलका पडदाच होता. जोराची लाथ बसली तर ते निघून यायचं. त्यानंतर आंतरराष्ट्रीय नागरी उड्डाण संघटनेने, म्हणजे इकाओने, नियम केला की १ नोव्हेंबर २००३ पासून ४५,५०० किलोपेक्षा जास्त वजनाच्या किंवा ६० पेक्षा जास्त आसनांच्या प्रवासी विमानांना मजबूत दार हवंच. ते लहान शस्त्रांच्या गोळ्या आणि हातबॉम्बच्या कपच्या अडवेल आणि जबरदस्तीने घुसणाऱ्यालाही रोखेल असं असावं. अमेरिकी प्रमाणकात धक्क्याचा आकडा ३०० ज्यूल आहे. साधारण ९० किलोचा माणूस ताशी नऊ-दहा किलोमीटरच्या वेगाने धावत येऊन आदळला, तर एवढी ऊर्जा होते. मुठीला धरून ओढण्यासाठी १,११३ न्यूटन, म्हणजे जवळपास ११३ किलो वजन लटकवल्यासारखी ओढ, दाराने सोसली पाहिजे. जर्मनविंग्जच्या कॅप्टनने दारावर मारलेले घाव व्हॉइस रेकॉर्डरवर ऐकू येतात. दार तुटलं नाही, कारण ते न तुटण्यासाठीच बनवलेलं होतं.

पण हेच दार काही वेळा चटकन सुटायलाही हवं असतं. विमानातला हवेचा दाब अचानक गेला तर कॉकपिट आणि केबिन यांच्यातला दाब क्षणार्धात समान झाला पाहिजे, नाहीतर मधली भिंतच फाटेल. म्हणून दाब घटला की कुलपं आपोआप सुटतात. अपघात झाला तर वैमानिकांना बाहेर पडता यायला हवं. आणि दोन्ही वैमानिक बेशुद्ध झाले तर केबिन क्रूला आत जाता यायला हवं. या तिसऱ्या गरजेपोटी बाहेरच्या बाजूला कीपॅड आला, आणि सगळा घोळ त्याच्याभोवती आहे.

एअरबस ए३२० वर ही व्यवस्था अशी चालते. दोन वैमानिकांच्या मधल्या पेडेस्टलवर एक छोटा खटका असतो. त्याच्या तीन जागा: मधली नॉर्मल, एका बाजूला अनलॉक, दुसऱ्या बाजूला लॉक. क्रूला आत यायचं असेल तर ती आधी इंटरफोनवर बोलते, मग कीपॅडवर साधी विनंती करते. आत काही सेकंद बजर वाजतो, वैमानिक कॅमेऱ्याच्या पडद्यावर किंवा दाराच्या भिंगातून कोण आहे ते पाहतो आणि खटका अनलॉककडे धरतो. रोजचं काम एवढंच.

आतून काहीच प्रतिसाद नसेल तर आणीबाणीचा कोड. तो टाकला की दार लगेच उघडत नाही. आत बजर सलग वाजू लागतो आणि घड्याळ सुरू होतं. हा अवधी विमान कंपनी १५ ते १२० सेकंदांच्या दरम्यान ठरवू शकते. तेवढ्यात आतून कुणी काही केलं नाही, तर कुलूप ५ सेकंदांसाठी सुटतं. आतले बेशुद्ध असतील तर क्रू आत पोहोचते. आतला माणूस शुद्धीवर असेल आणि बाहेर गडबड चालली आहे असं त्याला वाटलं, तर तो खटका लॉककडे ढकलतो. मग कीपॅड आणि बजर दोन्ही किमान ५ मिनिटं बंद, कंपनीने तसं ठरवलं असेल तर २० मिनिटांपर्यंत. मुदत संपत आली की पुन्हा ढकलता येतो. थोडक्यात, ‘आतला बेशुद्ध आहे’ आणि ‘आतला नको म्हणतोय’ यांतला फरक या यंत्रणेला कळतो. मात्र नको म्हणणारा बरोबर आहे की चूक, हे तिला कळत नाही.

आता २४ मार्च २०१५ ची सकाळ. बार्सिलोनाहून डुसेलडॉर्फला निघालेल्या ए३२० मध्ये १५० माणसं होती. विमान ३८,००० फुटांवर स्थिर झालं, आणि ग्रीनिच वेळेनुसार साडेनऊच्या सुमारास कॅप्टन बाहेर गेला. अर्ध्या मिनिटाच्या आत ऑटोपायलटसाठी निवडलेली उंची ३८,००० वरून १०० फुटांवर आणली गेली. ऑटोपायलटने सांगितलेलं काम केलं. मिनिटाला साधारण साडेतीन हजार फुटांचा, अगदी नेहमीच्या उतरणीसारखा उतार. ९ वाजून ४१ मिनिटांनी विमान आल्प्समध्ये आदळलं. मधल्या दहा मिनिटांत दारावरचा बजर वाजला, इंटरफोन वाजला, मग ठोठावणं, मग घाव. मार्सेचा नियंत्रक पुन्हा पुन्हा हाका मारत होता. आतून श्वासाच्या आवाजाशिवाय काही नाही.

फ्रेंच तपास संस्था बीईएच्या अहवालातली माझ्या दृष्टीने सर्वात अस्वस्थ करणारी नोंद या उड्डाणाची नाही, आदल्या उड्डाणाची आहे. त्याच सकाळी डुसेलडॉर्फहून बार्सिलोनाला येताना कॅप्टन थोडा वेळ बाहेर होता. तेव्हाही निवडलेली उंची काही वेळा १०० फुटांवर नेऊन परत आणलेली दिसते. विमान तेव्हा उतरणीलाच होतं, म्हणून मार्गात फरक पडला नाही आणि कुणाच्या लक्षातही आलं नाही.

तर मग कोड असा का नाही की जो आतून रद्दच होणार नाही? कारण असा कोड केबिन क्रूतल्या सगळ्यांना माहीत असणार. विमानतळ बदलला, क्रू बदलली की त्या यादीत भर पडत जाणार. ज्याला तो माहीत आहे त्याच्याकडून तो काढून घेता येतो, आणि मग २००३ नंतरचं सगळं दार फुकट. बोटाचे ठसे किंवा चेहरा ओळखणारी यंत्रं सुचवली जातात. तीही ‘हा कॅप्टन आहे का’ एवढंच सांगतात, ‘हा स्वखुशीने आलाय का’ हे नाही. जमिनीवरून दार उघडण्याची कल्पना तर आणखी कच्ची: संपर्क तुटला तर निरुपयोगी, आणि संपर्कात कुणी घुसला तर घातक.

शिवाय दार उघडलं म्हणजे विमान वाचलं, हेही खरं नाही. ३१ ऑक्टोबर १९९९ ला इजिप्तएअरचं ९९० क्रमांकाचं बोइंग ७६७ न्यूयॉर्कहून कैरोला निघालं होतं. कॅप्टन बाहेर गेला, आत राखीव सहवैमानिक एकटा. ऑटोपायलट सुटला आणि नाक खाली गेलं. तेव्हा असली दारं नव्हती. कॅप्टन काही सेकंदांत परत आला, ‘काय चाललंय’ असं विचारत त्याने विमान वर-खाली करण्याचा दांडा मागे ओढला. नोंदींमध्ये शेपटीचे दोन एलिव्हेटर (नाक वर-खाली करणारी पाती) दोन उलट दिशांना गेलेले दिसतात, एक ओढला जाणारा, एक ढकलला जाणारा. इंजिनांचं इंधनही बंद केलं गेलं. २१७ जण गेले. अमेरिकेच्या एनटीएसबी या अपघात तपास संस्थेने कारण सहवैमानिकाच्या कृतीत पाहिलं, मात्र हेतूबद्दल काही म्हटलं नाही. इजिप्तच्या अधिकाऱ्यांनी ते मान्य केलं नाही, त्यांचा रोख एलिव्हेटरच्या यांत्रिक बिघाडावर राहिला.

त्याहून जुनं उदाहरण ९ फेब्रुवारी १९८२ चं, जपान एअरलाइन्सचं डीसी-८. हानेदाला उतरताना कॅप्टनने नाक खाली घातलं आणि इंजिनं उलट जोरावर टाकली. कॉकपिटमध्ये तिघे होते. सहवैमानिक आणि फ्लाइट इंजिनिअर दोघेही त्याच्याशी झगडले. विमान धावपट्टीच्या अलीकडे उथळ पाण्यात पडलं, १७४ पैकी २४ जण दगावले. तिघे हजर असूनही जमिनीजवळच्या त्या मोजक्या सेकंदांत विमान पूर्णपणे सावरता आलं नाही. त्या कॅप्टनला आधी मानसिक आजारासाठी रजा मिळाली होती आणि नंतर पुन्हा उड्डाणाला परवानगीही मिळाली होती.

याउलट २९ नोव्हेंबर २०१३ ला मोझांबिकच्या एलएएम कंपनीचं एम्ब्राएर १९० मापुतोहून लुआंडाला जाताना नामिबियात पडलं तेव्हाची हकीकत जवळजवळ जर्मनविंग्जसारखीच होती. सहवैमानिक शौचालयात, आत कॅप्टन एकटा, निवडलेली उंची हाताने खाली आणलेली, आणि दारावर ठोठावण्याचे आवाज. ३३ जणांचा बळी गेला. जर्मनविंग्जच्या जवळपास सोळा महिने आधी जगासमोर हा नमुना होता, आणि तो फारसा कुणी मनावर घेतला नाही. युरोपात, त्यातही लुफ्तहान्साच्या घरात तसंच घडलं तेव्हा कुठे सगळे जागे झाले.

जागे झाल्यावर पहिला उपाय आला तो ‘कॉकपिटमध्ये कायम दोन जण’. युरोपच्या ईएएसए या विमानसुरक्षा संस्थेने तीन दिवसांत, २७ मार्च २०१५ ला, तशी शिफारस केली. अमेरिकेत ही पद्धत आधीपासून होती, पण तिचं मूळ कारण वेगळं होतं. एकटा वैमानिक खुर्ची सोडून भिंगातून पाहायला उठू शकत नाही, आणि तो बेशुद्ध पडला तर दार आतून उघडायला कुणीतरी हवं.

भारतातही हा नियम जर्मनविंग्जच्या आधीपासूनचा आहे. आपल्याकडचं या संदर्भातलं उदाहरण पुण्याच्या वाटेवरचं आहे. २६ मे २०१० ला एअर इंडिया एक्स्प्रेसचं बोइंग ७३७ दुबईहून पुण्याला येत होतं. ३७,००० फुटांवर कॅप्टन शौचालयात गेला. सहवैमानिक आपली खुर्ची पुढे-मागे करत असताना दांडा पुढे ढकलला गेला आणि विमान कोसळू लागलं. तो इतका भांबावला की विमान सावरलं नाही आणि दारही उघडलं नाही. कॅप्टनने आणीबाणीचा कोड वापरला, तो आत आला आणि विमान सावरलं. तोवर ते काही हजार फूट खाली आलं होतं. इथे कुणाचा वाईट हेतू नव्हता. कोडची सोय ज्या प्रसंगासाठी केली आहे, नेमका तो प्रसंग होता आणि ती चालली. कीपॅड काढूनच टाका म्हणणाऱ्यांना हे उदाहरण जरूर सांगावं.

दोन जणांचा नियम प्रत्यक्षात असा पाळतात. वैमानिकाला बाहेर यायचं असेल तर तो इंटरफोनवर सांगतो. क्रू पुढची गॅली (विमानातलं स्वयंपाकघर) मोकळी करते, पडदा ओढते, वाटेत ट्रॉली आडवी लावते. शौचालय रिकामं आहे हे पाहून एक जण आत जाते आणि मग वैमानिक बाहेर येतो. आत गेलेली क्रू जंपसीटवर (कॉकपिटमधल्या जादा खुर्चीवर) बसते किंवा दाराजवळ उभी राहते. तिने वैमानिकाच्या कुठल्याही बटणाला हात लावायचा नाही. दार उघडण्याआधी भिंगातून पाहायचं, वैमानिक शुद्धीवर आहे ना इकडे लक्ष ठेवायचं, आणि दाराचा खटका कुठे आहे व तो कोणत्या बाजूला ढकलायचा हे तिला माहीत हवं. शेवटची गोष्ट फार कंपन्यांच्या प्रशिक्षणात घाईत उरकली जाते. आणीबाणीत अंधारलेल्या कॉकपिटमध्ये, बजर वाजत असताना, पेडेस्टलवरचे डझनभर खटके सारखेच दिसतात.

या नियमाची दुसरी बाजूही आहे. दार जास्त वेळा आणि जास्त वेळ उघडं राहतं. आत जाणाऱ्या क्रूची पार्श्वभूमी वैमानिकाइतकी तपासलेली नसते, आणि कॉकपिटमध्ये आगीसाठीची कुऱ्हाडही असते. ठरवून बसलेल्या माणसाला ती शारीरिकदृष्ट्या अडवू शकेलच असं नाही. या कारणांनी ईएएसएने २०१६ मध्ये शिफारस सैल केली, कंपन्यांनी जोखीम पाहून ठरवावं असं म्हटलं, आणि २०१७ मध्ये लुफ्तहान्सा समूहाने नियम सोडून दिला. मला तो निर्णय घाईचा वाटतो. क्रूच्या ताकदीमुळे विमान वाचतं असं कुणीच म्हणत नाही. पण वर सांगितलेल्या इजिप्तएअर, एलएएम आणि जर्मनविंग्ज या तिन्ही घटनांत जे घडलं ते वैमानिक आत एकटा पडल्यावरच घडलं, हे दुर्लक्ष करण्यासारखं नाही. समोर माणूस असणं हा पुष्कळदा स्वतःच अडसर असतो. मात्र कुणीही तिसरा माणूस चालतो असं समजू नये. २२ ऑक्टोबर २०२३ ला होरायझन एअरच्या विमानात जंपसीटवर बसलेल्या, ड्यूटीवर नसलेल्या वैमानिकानेच दोन्ही इंजिनांच्या आगविझवणीच्या मुठी ओढायचा प्रयत्न केला. त्या पूर्ण ओढल्या तर इंजिनाचा इंधनपुरवठा तुटतो. दोघा वैमानिकांनी त्याचे हात धरले, मुठी जागेवर ढकलल्या आणि त्याला बाहेर काढलं. तो बराच काळ नैराश्य लपवून होता.

‘कॉम्प्युटरच का नाही अडवत?’ हा पुढचा, रास्त प्रश्न. ए३२० ला डोंगर कुठे आहेत ते माहीत असतं, जमीन जवळ आल्याची ओरड ते शेवटपर्यंत करत होतं. एफ-१६ लढाऊ विमानात जमिनीवर आदळण्याआधी विमान आपणहून वर ओढणारी यंत्रणा २०१४ पासून आहे आणि तिने वैमानिक वाचवलेही आहेत. प्रवासी विमानात १०० फूट ही निवड ‘खाली डोंगर आहे’ म्हणून नाकारणं तांत्रिकदृष्ट्या अशक्य नाही. तेवढा सौम्य अडसर घालायला माझी हरकत नाही. पण त्याने फक्त ऑटोपायलट अडेल, दांडा नाही. दांडाही अडवायचा तर वैमानिकावर कॉम्प्युटरची सक्ती आली, आणि त्या सक्तीची किंमत बोइंग ७३७ मॅक्सच्या दोन अपघातांत ३४६ जणांनी मोजली. एका सेन्सरने खोटं सांगितलं आणि यंत्रणा वैमानिकाशी भांडत राहिली. म्हणून प्रत्येक यंत्रणेला बंद करण्याची सोय द्यावी लागते. बिघडलेला कॉम्प्युटर ज्याला बंद करता येतो, त्याला चांगला कॉम्प्युटरही बंद करता येतोच. सिल्कएअरचं ७३७ डिसेंबर १९९७ मध्ये इंडोनेशियात मुसी नदीत कोसळलं, तेव्हा त्याचा व्हॉइस रेकॉर्डर कोसळण्याआधीच थांबलेला होता. त्याचा वीजपुरवठा तोडण्यासाठी सर्किट ब्रेकर ओढला गेला का, यावर इंडोनेशियन आणि अमेरिकी तपासकांचं एकमत झालं नाही.

जमिनीवरून एक गोष्ट मात्र दिसते. वैमानिकाने निवडलेली उंची विमानातला ट्रान्सपॉन्डर (विमानाची माहिती रेडिओवरून पाठवणारं यंत्र) प्रसारित करतो. जर्मनविंग्जच्या बाबतीत विमानांचा माग ठेवणाऱ्यांच्या नोंदींत ती ३८,००० वरून ९६ फुटांवर गेलेली सापडली (१०० चा तो पूर्णांकित आकडा). नियंत्रकाच्या पडद्यावर यासाठी सूचना लावता येते. पण ती सूचना पाहून तो हाक मारण्यापलीकडे काय करणार?

आता मूळ दुखण्याकडे. जर्मनविंग्जच्या त्या सहवैमानिकाला २००८ मध्ये प्रशिक्षणादरम्यान नैराश्य आलं होतं. प्रशिक्षण थांबलं, उपचार झाले, २००९ मध्ये तो परत आला. त्याच्या वैद्यकीय प्रमाणपत्राला एक अट जोडलेली होती: आजार उलटला तर प्रमाणपत्र रद्द. प्रशिक्षणासाठी सुमारे ४१,००० युरोचं कर्ज होतं. २०१४ च्या अखेरीस आजार उलटला, बहुधा मनोविकृतीच्या लक्षणांसह. तो खासगी डॉक्टरांकडे गेला, एकाकडे नाही, अनेकांकडे. त्यांनी औषधं दिली, रजेच्या चिठ्ठ्या दिल्या, एकाने मनोरुग्णालयात दाखल होण्याचा सल्लाही दिला. त्यातलं काहीच कंपनीपर्यंत किंवा विमान प्राधिकरणापर्यंत पोचलं नाही. तो सांगणार नव्हता, आणि जर्मनीतल्या गोपनीयतेच्या कायद्याला डॉक्टर बिचकत होते. बीईएने म्हणूनच शिफारस केली की सार्वजनिक सुरक्षिततेला धोका असेल तर डॉक्टरने केव्हा बोलावं याचे नियम स्पष्ट हवेत. भारतात मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ च्या कलम २३ मध्ये इतरांना इजा होण्यापासून वाचवण्यासाठी माहिती देण्याचा अपवाद आहे. कायदा आहे, पण समोरचा रुग्ण वैमानिक आहे हे डॉक्टरने विचारलं तर त्याचा उपयोग. पेशंटच्या कागदावर व्यवसायाच्या रकान्यात ‘नोकरी’ एवढंच लिहिलेलं असतं.

‘सगळ्यांची दरवर्षी कडक मानसिक चाचणी घ्या’ हा उपाय ऐकायला बरा वाटतो. गणित करून पाहा. समजा एक लाख वैमानिक आहेत आणि त्यात असा एक आहे. चाचणी ९९ टक्के अचूक आहे असं धरा, खरं तर इतकी अचूक चाचणी अस्तित्वातच नाही. तरी ती साधारण १,००० निर्दोष वैमानिकांवर बोट ठेवेल, आणि तो एक त्यात असेलच असं नाही, कारण त्याला उत्तरं लपवायची आहेत. पुढच्या वर्षी बाकीचेही लपवायला शिकतील. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या हार्वर्डच्या निनावी पाहणीत १,८४८ वैमानिकांपैकी १२.६ टक्के नैराश्याच्या निकषात बसले. याचा अर्थ १२.६ टक्के धोकादायक आहेत असा मुळीच नाही. नैराश्य असलेले जवळजवळ सगळे वैमानिक कुणालाही इजा करत नाहीत. अर्थ एवढाच की आजार सर्वसाधारण आहे आणि तो नाव लपवल्यावरच दिसतो. अमेरिकी वैमानिकांच्या दुसऱ्या एका पाहणीत निम्म्याहून जास्त, ५६ टक्के जणांनी, मेडिकल जाईल या भीतीने उपचार टाळल्याचं किंवा माहिती दडवल्याचं मान्य केलं.

म्हणून जे उपाय खरोखर चालतात त्यांचा रोख लपवण्याची गरज कमी करण्यावर असतो. दारूच्या बाबतीत अमेरिकेने हे १९७० च्या दशकातच करून पाहिलं. हिम्स नावाच्या कार्यक्रमात व्यसनी वैमानिकाला उपचार, देखरेख आणि मग परत कॉकपिट असा रस्ता दिला. परतीचा रस्ता दिसल्यावर माणसं पुढे आली, आणि सहकारीही त्यांना पाठीशी घालण्याऐवजी तिकडे पाठवू लागले. नैराश्याच्या औषधांवर तिथे २०१० पर्यंत सरसकट बंदी होती. मग फ्लुऑक्सेटिन, सर्ट्रालिन, सिटालोप्रॅम आणि एस्सिटालोप्रॅम या चार औषधांवर स्थिर असलेल्यांना देखरेखीखाली उड्डाणाची मुभा मिळाली, नंतर यादी वाढली. बंदी असताना वैमानिक औषध घेत नव्हते असं नाही. काही चोरून घेत होते, आणि काही न घेता तसेच उडत होते. दुसरा प्रकार जास्त वाईट.

युरोपने २०१८ च्या नियमाने तीन गोष्टी सक्तीच्या केल्या, फेब्रुवारी २०२१ पासून त्या लागू आहेत: कंपनीच्या प्रवासी उड्डाणांवर जाण्याआधी मानसिक मूल्यांकन, अचानक होणारी दारूची तपासणी, आणि प्रत्येक कंपनीत वैमानिकांसाठी पीअर सपोर्ट, म्हणजे सहकाऱ्यांकडून आधार. यातली तिसरी सर्वात मोलाची. तिची रचना अशी असते: प्रशिक्षण घेतलेले काही वैमानिक फोन उचलतात, त्यांच्यामागे एक मानसशास्त्रज्ञ असतो, आणि कंपनीला नावं कळत नाहीत, फक्त आकडे कळतात. अडचण झोपेची, घटस्फोटाची, कर्जाची असो, बहुतेक प्रकरणं तिथेच मिटतात. माणूस उडण्याच्या स्थितीत नसेल तर त्याला स्वतःहून ‘मी अनफिट आहे’ म्हणायला लावतात आणि परतीचा मार्ग आखून देतात. जिवाला धोका दिसला तरच गोपनीयता मोडतात, आणि ही अट पहिल्याच फोनवर सांगितलेली असते. ही व्यवस्था फसते ती दोन ठिकाणी. एक, फोन उचलणारा माणूस चीफ पायलटच्या कार्यालयातला असतो. दोन, तात्पुरतं अनफिट झाल्यावर पगाराचं काय, याचं उत्तर कुणाकडे नसतं.

भारतात डीजीसीए या नागरी उड्डाण नियामकाने २०२३ मध्ये मानसिक आरोग्य आणि पीअर सपोर्टविषयी मार्गदर्शक सूचना काढल्या. उड्डाणाआधीची श्वासचाचणी आपल्याकडे फार पूर्वीपासून कडक आहे, त्याबाबतीत आपण बऱ्याच देशांच्या पुढे आहोत. पैशाच्या बाजूला मात्र आपण मागे. बारामती किंवा गोंदियाच्या फ्लाइंग स्कूलमधून बाहेर पडून टाइप रेटिंग (ठरावीक जातीचं विमान उडवण्याची पात्रता) करेपर्यंत खर्च ५० लाखांच्या पुढे सहज जातो. त्यासाठी पुष्कळदा घर गहाण असतं. आपल्याकडे पगाराचा मोठा भाग उडालेल्या तासांवर असतो, म्हणजे सहा महिने जमिनीवर बसणं म्हणजे हप्ते थकणं. अशा मुलाला ‘बरं वाटत नसेल तर सांग’ असं पोस्टर लावून काही होत नाही. लायसन्स जाण्याविरुद्धचा विमा त्याने मानसिक आजाराची अट वाचून घ्यावा, कारण बऱ्याच पॉलिसींत तो वगळलेला किंवा कमी रकमेचा असतो. कंपनीच्या पीअर सपोर्टवर विश्वास नसेल तर निदान सरकारच्या टेलीमानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक तरी जवळ असावा.

एक खबरदारी. या विषयावर बोलताना २०१४ मध्ये बेपत्ता झालेलं मलेशियाचं एमएच३७० आणि २०२२ मध्ये कोसळलेलं चायना ईस्टर्नचं विमान हमखास यादीत घातलं जातं. एमएच३७० बद्दल मलेशियाच्या अंतिम अहवालाने कारण ठरवता येत नाही असं म्हटलं आहे. अहमदाबादला १२ जून २०२५ ला पडलेल्या एअर इंडिया १७१ च्या प्राथमिक अहवालात दोन्ही इंधन-खटके एका सेकंदाच्या अंतराने बंद स्थितीत गेल्याची आणि ‘तू का बंद केलंस’, ‘मी नाही केलं’ अशा संवादाची नोंद आहे. त्यावरून लोकांनी दुसऱ्याच दिवशी एका मृत वैमानिकाचं नाव ठरवून टाकलं. अहवालाने कुणावरही ठपका ठेवलेला नाही. खटका सरकल्याची नोंद म्हणजे तो कुणी आणि का सरकवला याची नोंद नव्हे.

राहता राहिला प्रवाशांचा भाग. अमेरिकेत नव्याने बनणाऱ्या विमानांना कॉकपिटच्या दारापुढे घडीचा दुसरा अडसर बसवण्याचा नियम झाला आहे. आतलं दार उघडं असताना काही सेकंद मिळावेत एवढाच त्याचा हेतू. तो अडसर जिथे नाही तिथे त्याचं काम ट्रॉली करते. उड्डाणात पुढच्या गॅलीत ट्रॉली आडवी लावलेली, पडदा ओढलेला आणि एक क्रू तुमच्याकडे तोंड करून उभी दिसली, तर शौचालयासाठी त्याच क्षणी उठू नका. दोन मिनिटांत ती ट्रॉली बाजूला होते.